इंजिन वगळून मंजूर

कलकत्त्यातल्या बालीगंजच्या मराठी स्नेहवर्धक मंडळाची मोटार तेल गाळू लागली, तेव्हा कार्यकारिणीने ही बाब अत्यंत गांभीर्याने घेतली. म्हणजे गाडीखाली परात ठेवली.

१९३४ सालची ही विलायती गाडी एका निपुत्रिक सभासदाने मृत्युपत्राने मंडळाच्या गळ्यात घातली होती. जानेवारीत मैदानावर जुन्या गाड्यांची रॅली व्हायची होती. मंडळाचे अध्यक्ष श्यामराव यांनी आपल्या मुलीला, वृंदाला, शब्द दिला होता की गाडी धड चालली तर रॅलीत स्टिअरिंग तुझ्या हाती. वृंदा अठरा पूर्ण करून, लायसन्स काढून तयार बसली होती. गाडी चालणार नाही याची श्यामरावांना खात्री होती, म्हणूनच शब्द इतका सढळपणे निघाला होता.

वृंदाने सरळ गाड्यांच्या सुट्या भागांचा मल्लिकबाजार गाठला. इंजिनाच्या झाकणाखाली बसणारं कॉर्कचं गॅस्केट आणि प्लगच्या नव्या वायरी आणल्या, रविवारी सकाळी बसवल्या आणि गाडी घेऊन गडियाहाटपर्यंत चक्कर मारून आली. परात कोरडी ठणठणीत.

कार्यकारिणी हादरली. गाडी ठरावाशिवाय चालली होती.

तातडीने तांत्रिक उपसमिती नेमली गेली. तिच्यात तीन पिढ्या कलकत्त्यात काढलेल्या घराण्यातले इतिहासाचे प्राध्यापक चारुदत्त आणि नागपुराहून बदलून आलेले ऑडिट खात्यातले दिगंबरराव. दोघांनीही जन्मात बॉनेट उघडलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. रॅलीच्या नियमांत गाडी ‘मूळ स्वरूपात’ असावी असं म्हटलं होतं. ती चालावी असं कुठेच म्हटलेलं नाही, हे दिगंबररावांनी नेमकं हेरलं.

चारुदत्तांनी नवं गॅस्केट दोन बोटांत उंदीर धरावा तसं धरलं. “वृंदे, हे कॉर्क १९३४ साली झाडावर तरी होतं का?”

“तेल तरी कुठे १९३४ सालचं आहे, काका?”

“मुद्दा रास्त आहे,” दिगंबरराव म्हणाले. “तेलाचं पुढच्या बैठकीत घेऊ.”

याच बैठकीत स्टिअरिंगवर एखादा अनुभवी पुरुष सभासद असावा असंही ठरून गेलं. चारुदत्तांनी तर गाडी चालवताना घालायला लोकरी टोपी शिवायला टाकली. वृंदाने बाबांकडे पाहिलं. बाबा पंख्याकडे पाहत होते.

मग बराकपूरच्या एका बंगल्यामागे कुजत पडलेल्या तशाच गाडीतून मूळ भाग मिळवण्यात आले. गॅस्केट तळलेल्या पापडासारखं कडक होतं. वायरींवरचं कापड उंदरांनी कुरतडलं होतं. दोन्ही अस्सल असल्याचा निर्वाळा चारुदत्तांनी हात जोडून दिला. ते सगळं हार घालून बसवलं आणि इंजिन सुरू केलं.

“काका, ठिणगी प्लगमध्ये पडत नाहीये,” वृंदा म्हणाली. “वायरीतून बाहेर उडतेय.”

“उडतेय ना?” दिगंबरराव म्हणाले. “मग वायर काम करतेय.”

अस्सल गॅस्केटमधून अस्सल धार लागली, तिला अस्सल ठिणगी भेटली आणि बॉनेटखाली जाळ झाला. उपसमिती जिन्यात गेली. वृंदाने ओलं गोणपाट टाकून आग विझवली. नंतर अहवाल आला. गॅस्केट मूळचं, वायरी मूळच्या, तेव्हा दोष त्यांचा असूच शकत नाही, दोष इंजिनाचाच. निर्दोष इंजिन मिळेपर्यंत हे इंजिन उतरवून ठेवावं.

हावड्याहून हमाल आले. इंजिन मंडळाच्या स्टेजखाली गेलं, त्यावर नाटकाचा जुना पडदा पडला आणि सगळे वाद मिटले. तेल गळेना, ठिणगी उडेना. गाडी इतकी शुद्ध कधीच नव्हती.

फक्त आता रॅलीत ती ढकलत न्यावी लागणार होती. चारुदत्तांची कंबर धरली. टोपी थंडीत घरी वापरू म्हणाले. दिगंबररावांना ऐन त्या दिवशी ऑडिट निघालं. शेवटी श्यामराव घरी येऊन मोठ्या मायेने म्हणाले, “बाळ, गाडी तूच चालव. एकमताने ठरलंय.”

“इंजिन नसताना, बाबा?”

“म्हणूनच तर कोणाची हरकत नाही.”

मैदानावर फेटे बांधलेले आठ सभासद मागून ढकलत होते आणि साडी खोचून वृंदा स्टिअरिंगवर बसली होती. परीक्षकांसमोर तिने ब्रेक दाबला. तो तेवढा शाबूत होता. मागचे आठ फेटे एकमेकांवर आदळले. ती खाली उतरली, बॉनेट उघडून बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, “बघा.”

परीक्षकांनी आत वाकून पाहिलं. आतून खालचं गवत दिसत होतं. ते बराच वेळ गंभीरपणे कुजबुजले. इतकं स्वच्छ बॉनेट त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं. मूळ स्वरूपाचं पहिलं बक्षीस मंडळाला मिळालं, आणि ‘महिला चालक’ म्हणून खास उल्लेख वृंदाला.

फोटो वर्तमानपत्रात आला. तो तुम्हीही पाहिलात, कापून ठेवलात, आणि आपल्या मुलीला दाखवून म्हणालात, अशी धीट हो. तेव्हा तिने तुमच्या स्कूटरची किल्ली मागितली होती. ती अजून तुमच्याच खिशात आहे.