हात जोडतो, काकू!

तोंड खोटं बोलतं, हात कधीच नाही, असं इशारेवाल्याचं ठाम तत्त्वज्ञान होतं आणि ते तो येईल त्याला ऐकवायचा. क्रेनच्या कामावर खाली उभं राहून हातांनी इशारे करायचे, हाच त्याचा धंदा. केबिनमधल्या क्रेनवाल्या काकांना इंजिनाच्या घरघरीत काही ऐकू येत नसे. ते फक्त त्याचे हात बघत आणि मुकाट्याने हुकूम पाळत.

"काकू, माझं बोट हललं की दहा टन हलतात!" असं त्याने होणाऱ्या सासूबाईंना सांगून टाकलं. होणाऱ्या म्हणजे, त्या अजून व्हायला तयार नव्हत्या! त्यांचं लाकडी कपाट नव्या घराच्या जिन्यात मावेना. ते तिसऱ्या मजल्यावर सुखरूप पोचलं, तर त्या लग्नाचा विचार करणार होत्या.

कपाट डौलात वर गेलं. बाल्कनीत काकूंची मुलगी ते धरायला सरसावली. इतक्यात खाली काकू इशारेवाल्याला खेटून उभ्या राहिल्या.

"काय रे, जन्मभर हातवारेच करणार?"

"छे! वर जाणार, काकू! खूप वर!" त्याने बोट आकाशाकडे करून गरागरा फिरवलं. कपाट गच्चीच्याही वर गेलं.

"आणि मग आम्हाला विसरणार!"

"मी? तुमच्यापुढे कायम असा खाली!" त्याने तळवा जमिनीकडे दाबला. कपाट भसकन खाली आलं.

"आई, कपाट!" मुलगी किंचाळली.

"मधे बोलू नकोस, महत्त्वाचं चाललंय!" काकू वर न बघताच म्हणाल्या. "आणि घरात भांडण झालं तर?"

"तिथल्या तिथे बंद!" त्याने हात आडवा मारला. कपाट दुसऱ्या मजल्यासमोर थांबलं. तिथल्या आजोबांनी दात घासता घासता त्याचं निरीक्षण केलं आणि त्याच्या कडेवर ओला टॉवेल वाळत घातला.

तेव्हा कुठे काकूंनी मान वर केली. "अरे मेल्या! माझं कपाट!"

"चुकलो, काकू! हात जोडतो!" आणि त्याने खरोखरच छातीशी हात जोडले.

क्रेनच्या भाषेत याचा अर्थ, काम संपलं! क्रेनवाल्या काकांनी इंजिन बंद केलं आणि ते चहाला निघाले.

"अहो, चाललात कुठे?" काकू धावल्या.

"त्यानेच हात जोडले की!"

काकूंनी वळून पाहिलं. हात अजून जोडलेलेच होते.

"नाही रे खोटं बोलत तुझे हात," त्या जरा नरमल्या. "मुलीचा हात हवाय ना? देते. पण आधी तुझे दोन्ही खिशात घाल!"

त्याने घातले. काका परत केबिनमध्ये चढले. काकूंनी स्वतःचं एक बोट उचललं, आणि टॉवेलसकट कपाट पहिल्याच फटक्यात बाल्कनीत जाऊन बसलं!

कपाट त्यानंतर हललेलं नाही. त्या बोटावर आता फक्त जावई नाचतो.