पांढरा ब्रेक

टेम्पोचे मागचे दिवे बसवायला मेकॅनिक कशाला हवा, असं इंजिनिअरने छाती ठोकून सांगितलं आणि तिथेच त्याचे ग्रह फिरले. इंजिनिअर हे त्याचं टोपणनाव. शिक्षण दहावी, तेही दोन बैठकांत. घरातली एकही वस्तू त्याने उघडायची सोडली नव्हती आणि उघडलेली एकही पुन्हा धड चालली नव्हती.

सहा महिने बेकरीच्या मालकामागे चपला झिजवून त्याने पाव पोचवायचं कायमचं काम मिळवलं होतं. अट एकच. आज पाचच्या आत गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट दाखवायचं, नाहीतर काम दुसऱ्याला. पहिल्या तपासणीत मागचे दिवे फुटके म्हणून गाडी नापास झाली होती. तेव्हा या पठ्ठ्याने भंगारातून दिवे आणले, आणि वायर कमी पडली म्हणून बायकोच्या मिक्सरची कापली. त्या दिवसापासून घरात अबोला होता.

ब्रेकचा दिवा एकट्याला तपासता येत नाही. एकाने आत पाय दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून सांगायचं. बायको मागे उभी राहिली, पण तोंड फिरवल्यासारखीच.

"लागला का?"

"लागला."

"आता रिव्हर्स. लागला?"

"लागला."

चार दिवसांत एवढं बोलणं झालं नव्हतं. इंजिनिअर खुशीत तिला घेऊनच तपासणीच्या मैदानावर पोचला.

साडेचारला नंबर लागला. इन्स्पेक्टर मागे गेले. "ब्रेक दाबा," म्हणाले, आणि वाकून दिव्याकडे बघत राहिले.

"अहो, हा पांढरा आहे. रिव्हर्स टाका बघू." गाडी मागून लालेलाल झाली. इन्स्पेक्टरांनी चष्मा पुसला. "ब्रेकला लाल आणि रिव्हर्सला पांढरा, असा नियम आहे. तुम्ही थांबलात की मागचा पळणार, आणि मागे आलात की तो निवांत उभा राहणार. हे चालणार नाही."

इंजिनिअरला दरदरून घाम फुटला. "अगं, पांढरा लागतोय हे सांगायचं नाही का?"

"लागला का, एवढंच विचारलंत. रंग विचारलात?"

त्याने हातापाया पडून वीस मिनिटं मागून घेतली आणि गाडीखाली शिरून वायरींची अदलाबदल केली. सहा महिन्यांची वणवण डोळ्यांपुढे येत होती. बाहेर येऊन त्याने बायकोला बजावलं, "आता फक्त रंग सांगायचा. बाकी एक अक्षर नको."

"बरं."

ब्रेक. "लाल." रिव्हर्स. "पांढरा." इंडिकेटर. "पिवळा." इन्स्पेक्टरांनी मान डोलावली आणि खिशातून पेन काढलं. "गाडी जरा मागे घ्या. सही करतो, तोवर पुढच्याला येऊ दे."

इंजिनिअरला रडूच यायचं बाकी होतं. त्याने आनंदाच्या भरात रिव्हर्स टाकला आणि आरशाकडे न बघता ॲक्सिलरेटर दाबला.

"पांढरा," बायको बाजूला उभी राहून म्हणाली. मग जरा मोठ्याने, "पांढरा." मग जीव तोडून, "अहो, पांढरा!"

ठीकच आहे की, असं म्हणत त्याने आणखी दाबला. मागे कंपाउंडची भिंत होती.

काचा पडायचा आवाज बराच वेळ येत राहिला. इन्स्पेक्टरांनी पेन पुन्हा खिशाला लावलं. पाचला सात मिनिटं कमी होती. इंजिनिअरने डोळे घट्ट मिटले, ब्रेक दाबला आणि खिडकीतून हळूच विचारलं, "कोणता लागतोय?"

बायकोने गाडीच्या मागे जाऊन नीट बघितलं.

"कुठलाच नाही," ती म्हणाली.