माझं खानदान भूतकाळात गेलं

डच भाषेचा साधा भूतकाळ मला एका दुपारीत आला. नियमच लिटमस कागदासारखा आहे! धातूच्या शेवटी क, प, त, स, फ किंवा ख असा आवाज आला की 'ते' लावा, नाहीतर 'दे'. काम केलं, वेर्कते. राहत होता, वोनदे. केमिस्ट्रीवाल्याला अजून काय पाहिजे?

बोलायला माणूस पाहिजे. लातूरच्या माझ्या खोलीत तीन कॉट आहेत आणि मी एकटा. दयानंद पुण्याला गेला, वीरेश हैदराबादला. दिवसभरात माझ्याशी फक्त डबेवाला बोलतो, तेही "डबा" एवढंच. म्हणून नेटवर सरावासाठी हन्ना आजी शोधल्या. डच, सत्तरीच्या. दर रविवारी व्हिडिओ कॉल. तो बंद पडला असता तर मी भिंतीशीच बोललो असतो.

पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?"

डोक्यात वाक्य आलं, बाबा लोह्याला शेती करून राहिले. 'राहिले' म्हणजे भूतकाळ. धातूच्या शेवटी क. "वेर्कते," मी ठणकावलं.

आजी हळूच म्हणाल्या, "खेकोंडोलेर्त."

अभिनंदनाला डचमध्ये 'खेफेलिसितेर्त' म्हणतात. नेट कमजोर, मला तेच ऐकू आलं. मी हसून आभार मानले.

"आणि आई?"

स्वयंपाक करून राहिली. "कोकते."

"बहीण?"

प्रियदर्शनी नांदेडला शिकून राहिली. शेवटी र, म्हणून 'दे'. "स्तुदेर्दे."

आजींनी चष्मा काढून डोळे पुसले. व्याकरणानं माणूस इतका गहिवरतो हे मला माहीत नव्हतं.

मग रोज मेसेज सुरू झाले. जेवलास का? झोप लागली का? इतकं तर लातुरात कोणी विचारत नाही.

पुढच्या रविवारी आजींच्या टेबलावर तीन मेणबत्त्या पेटलेल्या. वाढदिवस असणार! मी टाळ्या वाजवून अभिनंदन केलं. आजी रडायलाच लागल्या.

तेवढ्यात दार ढकलून आई आत आली. लोह्याहून, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. तिनं मोबाइलमध्ये डोकावलं.

"काय रं राजा, ही म्हातारी रडून का राहिली?"

आजी समोर रडत होत्या. आत्ता, या क्षणी. आणि आई म्हणत होती, रडून राहिली.

माझी ट्यूब पेटली. आमचं 'करून राहिले' म्हणजे आत्ता करतायत, आणि 'खेकोंडोलेर्त' म्हणजे अभिनंदन नव्हे, सांत्वन!

"आजी, ही माझी आई," मी म्हणालो.

"कोकते?"

"अजून करते. बाबा पण, बहीण पण."

आता रोजचं 'जेवलास का' संपलं, असं मला वाटलं. पण आजी हसत सुटल्या आणि एकेक मेणबत्ती फुंकली.

"मग तुझ्या मागं ते दोन रिकामे पलंग कोणाचे?"

मी वळून पाहिलं. "दयानंद इथं वोनदे. वीरेश इथं वोनदे."

या वेळी भूतकाळ अगदी बरोबर होता.

आजींनी पुन्हा काडेपेटी उचलली.