चेंडू अजून हवेत होता

रविवारी सकाळी बातिमा अपाने सुनेने आणलेली पिशवी टेबलावर पालथी केली आणि नाक मुरडलं.

"ह्या गोळ्या? दवाखान्यात सुई टोचल्यावर पोरांच्या हातात ठेवतात तसल्या? नातीच्या शाशूला ह्या उधळू मी?"

"अपा, आधी जिंकू तर दे तिला," मेरुएर म्हणाली. मेरुएर ही सून, म्हणजे त्या नातीची, तोगझानची आई. सव्वीस वर्षं या घरात काढली, पण चुकीच्या वेळी खरं बोलायची सवय काही गेली नाही.

"जिंकल्यावर दुकानात पळू का? पाहुणे दारात आल्यावर कुणी मेंढा शोधायला जात नाही."

अपाने पैसे काढून दिले आणि सोनेरी कागदातली चॉकलेटं आणवली. चार किलो. आमच्या शिमकेंत गावात मुलगी दिली, मुलगा झाला, फौजेतून कुणी परत आला, की घरातली मोठी बाई मूठ भरून मिठाई उधळते आणि जमलेले सगळे वेचून खातात. हीच शाशू. ज्याने वेचलं त्याला त्या आनंदातला वाटा मिळतो. आमच्या भागात अपासारखी मूठ कुणाची नाही. पार मागच्या रांगेपर्यंत पोचते.

आणि त्या दिवशीचं कारणही तसंच होतं. तोगझान चोवीस वर्षांची. सहाव्या वर्षी गॅरेजच्या भिंतीवर चेंडू बडवून तिने शेजाऱ्यांच्या तीन काचा फोडल्या, तेव्हापासून टेनिस. पोटासाठी टेनिस खेळायचं म्हणजे लोकांना वाटतं विमानं आणि फुलांचे गुच्छ. पोरीने दहा वर्षं परक्या गावांतल्या न्हाणीघरात मोजे धुतले, रॅकेटच्या तारा स्वतःच्या हाताने ओवल्या, मनगट सुजलं तर फडकं बांधून खेळली. जगात दोनशे बेचाळिसावी. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "एवढ्यात दोन लेकरं झाली असती हिला." अपा म्हणायची, "तुझ्या सुनेला पाच झाली ना? त्यातलं एक तरी दोनशे बेचाळिसावं आहे का कशात?"

आता गावातल्याच स्पर्धेत ती अंतिम सामन्यात होती. हा जिंकला की पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत नाव लागणार होतं. हरली तर नाही. यादी त्याच आठवड्यात बंद होत होती.

दुपारी गल्लीतल्या तीस बायका मैदानावर हजर. अपा पुढच्या रांगेत, खेळाडूच्या माणसांसाठी राखलेल्या जागेत. शेजारी हेगाय मास्तर. हा कोरियन वंशाचा प्रशिक्षक तोगझान बारा वर्षांची असल्यापासून तिच्यामागे उभा होता.

"अपा, एवढं लक्षात ठेवा," मास्तर म्हणाले. "या जागेत बसून आपण जे करू ते पोरीच्या नावावर लागतं. एकदा चुकलं तर ताकीद. दुसऱ्यांदा चुकलं तर गुण जातो. तिसऱ्यांदा सबंध गेम."

"मी काय चुकणार? मी पाच पोरं वाढवलीत."

समोरची मुलगी किर्गिझ होती, ओश गावची. बेगिमाय नाव. गोल चेहऱ्याची, हसरी, आणि मारायची मात्र लोहारासारखी. पहिला सेट तोगझानने घेतला, दुसरा तिने. तिसऱ्या सेटमध्ये बेगिमायने सर्व्हिससाठी चेंडू वर फेकला आणि अपाचा फोन वाजला. अपाला फोनवर हळू बोलता येत नाही. समोरचा माणूस लांब असतो ना!

"हां, बोल! खेळतेय ना, जिंकतेय! पीठ मळून झालं का? अगं, झाकून ठेव, सुकेल!"

उंच खुर्चीवरचा मुख्य पंच पोर्तुगालचा. त्याने खाली वाकून तोगझानला काहीतरी सांगितलं. तोगझानने डोळे मिटले.

"काय म्हणतो तो?" अपाने विचारलं.

"ताकीद मिळाली," मास्तर म्हणाले.

"कुणाला?"

"पोरीला. तुमच्या पिठाबद्दल."

अपाने फोन बंद करून मेरुएरच्या पिशवीत टाकला. एका चुकीची अपाला कधी लाज वाटत नाही. दुसरी आपल्या हातून होणारच नाही अशी तिची खात्री असते.

मग ती वेळ आली. तोगझान पाच-चारने पुढे, सर्व्हिस तिची, आणि सामना एका गुणावर. तीस बायका गप्प. ही गोष्ट आमच्या गल्लीत मयतीलाही होत नाही. तोगझानने सर्व्हिस केली, पाच-सहा फटके झाले, आणि बेगिमाय कोपऱ्यात सापडली. तिने कसाबसा चेंडू वर उडवला. उंच. खूपच उंच.

"बाहेर जातोय," अपा म्हणाली.

"थांबा," मास्तर म्हणाले.

"अरे, मी कबुतरं पाळलीत. वरची वस्तू कुठे उतरते ते मला शिकवतोस?"

आणि अपाने मूठ उधळली. मग दुसरी. तिसरी, दोन्ही हातांनी. सोनेरी कागद उन्हात चमकत मैदानभर पसरले. चेंडू अजून हवेत होता. तो खाली आला, आणि रेषेच्या वीतभर आत पडला.

पंच ओरडला. खेळ थांबला. तो दुसरं काही बोलायच्या आत तीस बायकांनी कठडा ओलांडला. कारण शाशू झाली की वेचायचं, कोण जिंकलं ते नंतर. रेषेवरचा पंच याच गावचा, शाळेतला गणिताचा शिक्षक. त्याने इकडेतिकडे पाहिलं, एक चॉकलेट उचललं आणि खिशात टाकलं. नात आहे त्याला.

बायकांना बाहेर काढायला दहा मिनिटं गेली. तोवर उन्हाने उरलेली चॉकलेटं वितळली आणि बुटांच्या तळव्यांनी मैदानभर फिरली. मग पाणी आणलं, फरशी पुसायचे कुंचे आणले. धुतल्यावर वाळायला आणखी दहा मिनिटं. तोगझान टॉवेल पांघरून बसून राहिली. गरम झालेला हात थंड पडत होता.

पंचाने निकाल सांगितला. दुसरी चूक. गुण बेगिमायचा. जिंकायला लागणारा एक गुण गेला, आता पुन्हा दोन हवेत.

तेवढ्यात बेगिमायला पायाशी एक न वितळलेलं चॉकलेट दिसलं. तिने ते उचललं, कागद सोडवला आणि तोंडात टाकलं.

अपा ताडकन उठली. "ए पोरी! थुंक ते! ते आमचं नशीब आहे!"

बेगिमाय हसली. तिची भाषा आमच्याहून फार वेगळी नाही. "आजी, जमिनीवर पडलं ते वेचणाऱ्याचं. आमच्या ओशमध्येही असंच आहे."

आयुष्यात पहिल्यांदा अपा आपल्याच रिवाजात अडकली. पण हात नुसता ठेवून बसेल ती अपा कसली? "मग आमच्या पोरीनेही खायला हवं," म्हणत तिने पिशवीत हात घातला. मास्तरांनी तो हात मनगटाला धरला.

"अपा, तुमच्या पाया पडतो. आता काही फेकलंत तर सबंध गेम जाईल."

पंच खुर्चीवरून खाली उतरत होता. तेव्हा तोगझान उठली, कठड्यापाशी आली. घरात कुणी अपाला "सरक" म्हटल्याचं आम्हाला आठवत नाही. खुद्द तिच्या नवऱ्यानेही नाही, देव त्याला सुखात ठेवो.

"अपा, बाहेर जा."

"मी? चाळीस माणसांत मला उठवतेस?"

"तू इथे बसलीस की मी तुझ्याकडे बघते. मला चेंडूकडे बघायचंय. मी जिंकून येते, तू बाहेर थांब."

अपाने नातीकडे पाहिलं. मग पदर झटकावा तसा रुमाल झटकला, डोक्याला पुन्हा बांधला आणि निघाली. कुणी हाकललंय असं वाटू नये म्हणून जाताना वाटेतल्या दोन बायकांची विचारपूससुद्धा केली.

फाटकावर म्हातारा पहारेकरी बसला होता.

"काय बाई, सामना आत आणि तुम्ही इथे?"

"आत उकडतंय."

"उघड्या मैदानात?"

"तुला काय करायचंय? सरक, बसू दे."

आतून टाळ्या आल्या. अपाची मान वळली.

"कुणाला वाजल्या रे?"

"मला काय दिसतंय इथनं?"

"वीस वर्षं इथे बसतोस ना? टाळीवरून ओळखता येत नाही?"

"बाई, टाळी काय नाव घेऊन वाजते?"

पुन्हा टाळ्या. मग बराच वेळ काहीच नाही. पहारेकऱ्याने चहा दिला. अपाने घोटभर घेतला आणि पाणचट आहे हे सांगायचीही विसरली.

मग आत एकदम कल्लोळ उठला. अपा जागची हलली नाही. तिने डोळे मिटून घेतले.

आधी बेगिमाय बाहेर आली, खांद्यावर बॅग, डोळे लाल. अपासमोर थांबली.

"आजी, नशीब खाल्लं मी. पण तुमच्या नातीने चावायला वेळच दिला नाही. तुम्ही गेल्यावर सलग दोन गुण, झालं!"

"दोनच? मग एवढा वेळ काय करत होत्या?"

"एकेक गुण चाळीस-चाळीस फटके चालला."

अपाने तिच्या गालावरून हात फिरवला. "संध्याकाळी जेवायला ये. आणि मार कमी, जेव जास्त. खांदे बघ तुझे." मागून तीस बायका तोगझानला अर्धी उचलून, अर्धी ओढून घेऊन आल्या, आणि पोरगी सगळ्यांना ढकलून सरळ अपाच्या गळ्यात पडली.

ही गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण खेळाडू लोक आमच्याहून जास्त शकुन मानतात. दोन आठवड्यांनी तोगझानचा फोन आला. मेरुएरने मुद्दाम मोठ्या आवाजावर लावला.

"अपा, तुझं विमानाचं तिकीट काढलंय. पॅरिसला यायचं."

"आता गं? पुन्हा काही झालं तर?"

"मास्तर म्हणतात, तुला आणल्याशिवाय मी उतरायचंच नाही."

अपाने सगळ्या स्वयंपाकघरावरून नजर फिरवली. कोण कोण ऐकतंय ते पाहून घेतलं. "जागा कुठली? पुढची ना?"

"नाही. फाटकाबाहेर. तिथे एक बाक आहे, मास्तरांनी बघून ठेवलाय. सामना संपेपर्यंत हलायचं नाही."

मेरुएर तोंडाला फडकं लावून हसत होती. अपा मात्र त्याच संध्याकाळी घरोघरी निरोप सांगत फिरली. शेजारणीने विचारलं, "एवढ्या लांब जाऊन बाहेरच बसायचं? आत बसून बघायला नको?"

"आत बसून बघायला काय लागतं?" अपा म्हणाली. "कुणीही बसतं. बाहेर बसून जिंकून देणारी शिमकेंतमध्ये एकच बाई आहे."