नाव पुसण्याचा ठराव

तावडेकाका आमच्या इमारतीत राहायला आले त्या दिवशी त्यांनी टेम्पोतून सामान उतरवण्याआधी हमालांची सभा घेतली. खोटं सांगत नाही. हमाल, ड्रायव्हर आणि बघायला जमलेली आम्ही रिकामटेकडी मंडळी एवढी हजेरी पुरेशी आहे अशी खात्री करून त्यांनी छत्री वर केली आणि म्हणाले, "ठराव असा आहे की आधी कपाट, मग पलंग, शेवटी देव. कोणाची हरकत?"

एक हमाल म्हणाला, "चाचा, पलंग आगे है. पहले वो निकालना पडेगा."

काकांनी दुरुस्ती स्वीकारली, दुरुस्तीसह ठराव मताला टाकला आणि तो बहुमताने मंजूर झाल्यावरच सामान हललं. ड्रायव्हर तटस्थ राहिला.

काकांनी सारी उमर परळच्या एका गिरणीत काढली होती. खात्यातल्या कामगारांचे ते प्रतिनिधी. पुढे गिरणी बंद पडली, युनियन विरली, खात्यातले लोक कोणी भाजी विकायला बसले, कोणी गावी गेले. पण सभा काही काकांच्या अंगातून गेली नाही. सकाळच्या चहाचासुद्धा ते ठराव मांडत. आतून काकू ओरडत, "मंजूर, मंजूर! पण दूध संपलाहा." आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पूर्वी बटाटेवडे थंड व्हायच्या आत आटपायची. काका आल्यापासून ती अर्धा रविवार खाऊ लागली. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा स्मशानात शोकसभा झाली आणि शेजारचे एक गृहस्थ "माऊली फार प्रेमळ होत्या" असं म्हणाले. लगेच छत्री वर. "हरकत आहे. वस्तुस्थितीला धरून बोला." सगळे शरमले. मला मात्र त्या दिवसापासून हा माणूस आवडायला लागला.

तर अशा या माणसाला, ज्याला कुठल्याही प्रश्नावर निदान दोन मुद्दे मांडल्याशिवाय चैन पडत नसे, मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "मुलंबाळं काय करतात?" ते म्हणाले, "नाहीत." आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, लागलं असेल. मी पुन्हा विचारलं नाही.

काकांच्या खिडकीच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, हसमुखभाईचं कॅसेटचं दुकान होतं. शहाऐंशी-सत्याऐंशीचा सुमार. घाटकोपरात जिथे तिथे व्हिडिओ गेमची पार्लरं निघत होती. हसमुखभाईनेही कॅसेट आवरल्या आणि कुठूनशी जुनी यंत्रं आणून टाकली. त्यांतल्या एकाला वायरने बांधलेली प्लास्टिकची बंदूक होती. पडद्यावर परदेशी घराच्या खिडक्या. त्यांतून हॅटवाले गोरे डोकावून जायचे, त्यांना टिपायचं. शेवटी सगळ्यात वरच्या खिडकीत लाल शर्टवाला एक जण यायचा. तो टिपला तर जिंकलात, नाही टिपला तर तोच तुम्हाला गोळी घालायचा आणि खेळ खलास. एवढी सोय असूनही गिऱ्हाईक फिरकेना. मग हसमुखभाईने डोकं लढवलं. पेंटर बोलावला आणि यंत्रावर पाटी लावली, 'दिल्या भिंगरीचा दरोडा'.

दिल्या भिंगरी कोण हे तेव्हा विक्रोळीपासून मुलुंडपर्यंत कोणाला सांगावं लागत नसे. तुम्हाला सांगते. त्याच्या दोनेक वर्षं आधी त्याने साथीदारांना घेऊन विक्रोळीत एका सराफाचं दुकान लुटलं आणि पळताना दुकानाच्या वॉचमनला गोळी घातली. वॉचमन जागीच गेला. पुढे खाडीकडच्या तिवरांच्या झाडीत पोलिसांनी दिल्याला घेरलं, तिथे गोळी लागून तोही मेला. पेपरात तोंडावर टॉवेल टाकलेल्या प्रेताचा फोटो आला होता.

पाटी लागली आणि बंदूक धरणारा पोरगा दिल्या झाला, हॅटवाले गोरे पोलिस झाले. आपले पोलिस हॅट घालत नाहीत, ही शंका कोणालाही आली नाही. शाळा सुटली की रांग. "मार दिल्या, मार! दिल्या, वरती बघ!" हा आरडाओरडा आम्हाला तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचा. काका-काकूंच्या तर तो खिडकीखालीच चालायचा.

आणि मग समाज जागा झाला. आपला समाज जागा व्हायला लागला की मला झोप येते. सराफाचं दुकान लुटलं तेव्हा जी माणसं बातमी वाचून पेपरची घडी घालून मोकळी झाली होती ती आता 'बालमन बचाव कृती समिती' काढून बसली. अध्यक्ष अर्थात नगरसेवक. सोबत एक प्राध्यापक, ज्यांनी व्हिडिओ गेम कधी पाहिला नव्हता आणि त्याच कारणाने ते त्यावर तासभर बोलू शकत. शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. पार्लर बंद करा, हसमुखला घाटकोपरातून घालवा, त्या जागी वाचनालय काढा, वाचनालयाला नगरसेवकांच्या वडिलांचं नाव द्या, अशा मागण्या चढत गेल्या.

तावडेकाका उठले. "आधी त्या वॉचमनला श्रद्धांजली वाहावी. त्याचं नाव रामआसरे. कोणाला माहीत आहे का इथे?"

कोणाला माहीत नव्हतं. दिल्याचं नाव पोरासोरांच्या तोंडी होतं आणि ज्याला त्याने मारलं तो नुसता वॉचमन होता. सगळे नाइलाजाने उभे राहिले. मग काका म्हणाले, "आता ठराव. यंत्रावरचं नाव पुसावं. बस. पार्लर चालू दे, पोरं खेळू देत. नाव पुसा."

प्राध्यापक हसले. "तावडे, प्रश्न व्यापक आहे. तुमची मागणी फारच बारीक आहे."

पण घोषणा द्यायला, मोर्चा ओळीत चालवायला समितीत काकांइतकं कोणाला येत होतं? त्यांना उपाध्यक्ष केलं. उन्हातान्हात हा माणूस पुढे चालायचा, छत्री उघडायची नाही, नुसती वर धरायची. मागून लोक ओरडायचे, "पार्लर बंद करा!" काका एकटेच ओरडायचे, "नाव पुसा!"

सर्वपित्री अमावास्येला मी काकूंची वाटी परत द्यायला गेले. दार उघडंच होतं. खिडकीत कावळ्यासाठी पान ठेवलेलं, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. सगळं साग्रसंगीत, पण भटजींचा पत्ता नाही. मी सहज म्हटलं, "काकू, भटजी नाही बोलावले?"

"भटजी नाव इचारतलो गो."

"मग सांगायचं."

खालून आवाज आला, "मार दिल्या!" काकूंनी खिडकी लावून घेतली. कावळ्याचं पान बाहेरच राहिलं.

"दिलीप वसंत तावडे," काकू म्हणाल्या. "खयच्या भटाक सांगू? भिंगरी मीच म्हणी तेका. ल्हान असताना एका जाग्यार बसा नाय, पायाक भिंगरी. माझी हाक ती. पेपरात छापल्यानी, आता पाटयेर लिवल्यानी."

आतून काका आले, पंचा नेसलेले, ओल्या अंगाने. माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. "शैला, ही बाब सभागृहाबाहेर जाता कामा नये," असं त्यांनी सभेतल्यासारखं बजावलं आणि मग एकदम खाली बसले. "गिरणी बंद पडली तेव्हा तो नोकरीक लागायचो होतो. तेव्हापासून हाताबाहेर गेलो. माणूस मारल्यान, माका मान्य असा. मी कधी नाय म्हटलंय? पण एकदा मारल्यान ता पुरे नाय? ही पोरां रोज तेच्या नावान आणखी मारतत."

मी कोणाला सांगितलं नाही. सांगून कोणाला सांगणार, प्राध्यापकांना?

दिवाळीच्या आधी समितीचा विजय झाला. नगरसेवक, प्राध्यापक आणि हसमुखभाई थंडा पीत बसले आणि तोडगा काढला. समितीच्या सभेत प्राध्यापकांनी तो वाचून दाखवला. यंत्र राहील. पाटी बदलेल. नवी पाटी अशी, 'दिल्या भिंगरीला ठार करा'. आता बंदूक धरणारा मुलगा पोलिस, हॅटवाले म्हणजे दिल्याची टोळी आणि सगळ्यात वरच्या खिडकीतला लाल शर्टवाला म्हणजे दिल्या. यंत्रात तसूभर फरक नाही. तेच गोरे, त्याच खिडक्या, तीच गोळी. फक्त पेंटरची मजुरी.

"खेळ तोच, पण संस्कार चांगला," प्राध्यापक म्हणाले. टाळ्या पडल्या.

काका उभे राहिले. छत्री वर गेली. "ठराव नाव पुसण्याचा होता."

"अहो काका," हसमुखभाई समजुतीच्या सुरात म्हणाला, "नाव पुसला तर पोरं गोली कोणाला मारणार?"

हॉल हसला. मला राहवेना, मी उठले. काकांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी खाली बसले. मतदान झालं. विरोधात हात दोनच, एक काकांचा, एक माझा. माझा हात बघून माझ्या नवऱ्याने कपाळाला हात लावला. पेढे वाटले गेले.

घरी परतताना मी म्हटलं, "काका, आता काय करायचं?"

"करायचं काय? बहुमत झालं. मी कधी बहुमत मोडलं नाही, शैला. संपाच्या वेळी माझं मत विरोधात होतं, तरी संप केला."

मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला! बहुमताला काय डोळे असतात? असं मी म्हणालेही.

नव्या पाटीचं उद्घाटन झालं. हो, उद्घाटन. नारळ, हार, फीत. नगरसेवकांनी पहिली बंदूक चालवली आणि एकही हॅटवाला त्यांच्या हाती लागला नाही. मग त्यांनी उदार मनाने जाहीर केलं, "या लढ्यात सर्वात पुढे होते आपले उपाध्यक्ष तावडेसाहेब! दुसरा मान त्यांचा!" आणि काकांच्या हातातली छत्री काढून घेऊन बंदूक दिली.

वर खिडकीत काकू उभ्या होत्या. मी पुढे सरकले, पण गर्दी मला वाट देईना. पडद्यावर हॅटवाले आले, गेले. काका हलले नाहीत. पोरं पेटली. "काका, मारा ना! आयला, उभे काय राहिलात! दिल्या येणार आता, दिल्या!" वरची खिडकी उघडली. लाल शर्टवाला आला. काकांनी बंदूक खाली केली आणि मान वर करून बघत राहिले. त्याने गोळी झाडली, पडदा काळा झाला. "काकांना जमलं नाही," नगरसेवक म्हणाले, आणि टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवसापासून काका रोज पार्लरमध्ये जाऊ लागले. शाळा सुटायच्या आधी जाऊन यंत्र धरून बसायचे. नाणं टाकायचं, बंदूक हातात घ्यायची, चालवायची नाही. खेळ संपला की दुसरं नाणं. रांगेतली पोरं कंटाळायची, शिव्या द्यायची आणि शेजारच्या यंत्राकडे वळायची. खिडकीखालचा आरडाओरडा तेवढा वेळ थांबायचा. जितका वेळ बंदूक काकांच्या हातात, तितका वेळ दुसरं कोणी त्यांच्या मुलाला मारू शकत नव्हतं. घाटकोपरला मात्र चघळायला विषय मिळाला. समितीचे उपाध्यक्षच गेमला लागले! म्हातारपणी थेरं! प्राध्यापकांनी पुढच्या व्याख्यानात व्यसनाचा धोका समजावताना काकांचं नाव न घेता काकांचंच उदाहरण दिलं. मी तिथून उठून आले. उठताना खुर्चीचा आवाज जितका करता येईल तितका केला.

एकदा संध्याकाळी काकूंचे गुडघे धरले होते म्हणून त्यांनी मला काकांना बोलवायला पाठवलं. ते यंत्रासमोर उभे होते, बंदूक वायरला लटकत पायाशी.

"काका, चला. काकू वाट बघतायत."

"थांब गो जरा. आता तो येतलो."

हॅटवाले डोकावून गेले. मागून एक पोरगा ओरडला, "काका, मारा नाहीतर सोडा ना यार!" काकांनी ऐकलंच नाही. वरची खिडकी उघडली आणि लाल शर्टातला तो गोरा, हॅट घातलेला माणूस आला. काका त्याच्याकडे असे बघत होते की मी दुसरीकडे पाहिलं. पडदा काळा झाल्यावर ते निघाले.

दार काकूंनीच उघडलं. काका चपला काढत होते.

"तो इलो?" काकूंनी विचारलं.

"इलो."

"कसो दिसता?"

काकांनी चपला भिंतीशी लावून ठेवल्या. "आपल्या दिलीपसारखो नाय दिसणा," ते म्हणाले. "पण येता."