शेवटचा जीव उरलाय!

दातांच्या डॉक्टरांनी कॉलेजात असताना घेतलेला संगणक माळ्यावरून खाली काढला आणि दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीला जोडला. खेळाची कॅसेट लावली, की तो संगणकात उतरेपर्यंत आधी पाच मिनिटं नुसती किरकिर. मग पडद्यावर एक चौकोनी विमान उगवायचं आणि वरून उतरणाऱ्या राक्षसांवर गोळ्या झाडायचं. ताटकळलेल्या पेशंटांनी जरा दुखणं विसरावं, एवढीच डॉक्टरांची इच्छा.

पेशंट दुखणं साफ विसरले.

"चार नंबर, आत या!" मदतनीस बाई ओरडल्या.

"थांबा हो, अजून दोन जीव आहेत!" चार नंबरचा शिंपी जॉयस्टिक सोडेना.

"मग पाच नंबर या."

"वा! यांच्यानंतर खेळायची पाळी माझी आहे!"

आत खुर्चीत तीन नंबरचा कॅशियर आ वासून पडला होता. तेवढ्यात बाहेरून आवाज आले, "मेलो! मेलो! परत मारलं!" आणि पाठोपाठ, "आता शेवटचा जीव उरलाय!"

कॅशियर ताडकन उठून बसला. "डॉक्टर, कोण ओरडतंय?"

"काही नाही हो, आपलेच पेशंट."

कॅशियर गळ्यातल्या फडक्यासकट जिना उतरून गेला.

डॉक्टर तरातरा बाहेर आले आणि त्यांनी प्लगला हात घातला. आता जॉयस्टिक होती एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या हातात. गाल टम्म सुजलेला, डोळे पडद्यावर.

"बाई, बंद करतो हं."

"हात तर लावून बघा! सातव्या पातळीवर आहे मी!"

डॉक्टर थबकले. उभ्या तरुणपणात त्यांना सहावी पातळी ओलांडता आली नव्हती. प्लगवरचा हात आपोआप सुटला. "बाई, डावीकडे! डावीकडे घ्या! आला, आला!"

सगळ्यात मोठा राक्षस उतरला. बाईंनी दातओठ खाऊन बटण दाबलं. पडदाभर ठिकऱ्या उडाल्या, खोलीत एकच जल्लोष झाला आणि बाईंच्या तोंडात कट्‌कन वाजलं. त्यांनी तळहात पुढे केला. काढून घ्यायला घाबरून त्या महिनाभर टाळत होत्या, ती हलणारी दाढ हातात होती.

"अगंबाई! कळलंसुद्धा नाही!"

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधीच जिन्यात रांग लागली. गाल धरलेल्या एका गृहस्थांनी मदतनीस बाईंना हळूच विचारलं, "खेळून दाढ काढतात, ते इथंच ना?"

"आत डॉक्टरही काढतात."

"नको, नको," गृहस्थ टीव्हीसमोर बसत म्हणाले, "त्यांना कशाला उगाच त्रास!"