एकहार्ट ब्रुन्सने जिंकलेले साठ सेंटिमीटर

"या वसाहतीत सेंटिमीटर म्हणजे काय हे कळणारा एकच माणूस आहे," असं एकहार्ट ब्रुन्स नेहमी म्हणायचा. तो माणूस कोण, हे विचारायची सोय त्याने कुणाला ठेवलेली नव्हती.

बोलायचा हक्क त्याला होता, हे कबूल केलं पाहिजे. चाळीस वर्षं त्याने वजनमापे खात्यात काढली होती. खाटकांच्या काट्यांपासून पेट्रोल पंपांच्या यंत्रांपर्यंत सगळं त्याने तपासलं होतं. सख्ख्या मेव्हण्याच्या बेकरीतला काटा चार ग्रॅम खोटा निघाला, तेव्हा गिऱ्हाइकांच्या देखत त्याने त्याला सील ठोकलं. मेव्हणा तेव्हापासून नाताळला जेवायला येत नाही. एकहार्टचं म्हणणं, बरंच झालं, तो जेवायचाही फार.

निवृत्त झाल्यावर हा माणूस गप्प बसेल असं त्याच्या बायकोला, हायडेला, वाटलं होतं. बिचारी! ओल्डनबुर्ग शहराच्या बाहेर, रेल्वेरुळांपलीकडे भाड्याच्या बागांची वसाहत होती. बासष्ट बागा, प्रत्येकीत एक लाकडी खोपटं, चार वाफे बटाटे, आणि या सगळ्यावर नियमांची चौपन्न पानी पुस्तिका. चौदा नंबरची बाग एकतीस वर्षं ब्रुन्स नवरा-बायकोकडे होती. राहतं घर चौथ्या मजल्यावर, गॅलरी नाही, खिडकीतून समोर दुसऱ्याची खिडकी. त्यामुळे मार्च ते ऑक्टोबर एकहार्ट बागेत जगायचा आणि उरलेले महिने मार्चची वाट बघायचा. त्याला बागेतून काढणं म्हणजे माशाला पाण्यातून काढणं होतं, आणि हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं.

संस्थेने त्याला कुंपण-तपासनीस नेमलं होतं. नेमलं म्हणजे काय, सभेत तोच उभा राहिला आणि दुसरं कुणी उठलं नाही. दोन बागांमधलं झाडांचं कुंपण सव्वा मीटरपेक्षा उंच नको, असा नियम. दर जूनमध्ये एकहार्ट घडीची लाकडी पट्टी घेऊन निघायचा आणि दोन सेंटिमीटर जास्त भरले तरी चिठ्ठी फाडायचा. चाळीस नंबरच्या क्रोगमानबाईंचा नवरा दवाखान्यात होता, कुंपण कापायला कुणी नव्हतं, तीन सेंटिमीटर वाढलं होतं. एकहार्टने आधी नवऱ्याची तब्येत विचारली आणि मग चिठ्ठी दिली. माणुसकी त्याच्याकडे होती, फक्त ती नियमांच्या नंतर यायची.

तीन लेखी नोटिसा झाल्या की भाडेकरार रद्द, हा नियमही त्यानेच मांडून मंजूर करून घेतला होता. लोकांनी हात वर केले, कारण सभा लांबली होती आणि बिअर गरम होत होती.

आता शेजारीण. पंधरा नंबरच्या गुडरून लुडेके. सत्तरीच्या, विधवा, आयुष्यभर शाळेतल्या पोरांना पोहायला शिकवलेल्या, त्यामुळे आवाज असा की कुजबुजल्या तरी वीस नंबरला कळायचं. दोन्ही बागांच्या मधोमध त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने मोरपंखीची सहा झाडं लावली होती. ती आता तीन मीटर उंच झाली होती. झाडांच्या बुंध्याशी बाईंचा खताचा ढीग होता, आणि त्यात त्या भाजीच्या सालांबरोबर कालच्या उकडलेल्या शेवयाही खुशाल टाकायच्या.

एकहार्टने तीन पत्रं लिहिली. पहिलं, मोरपंखी ही जातच वसाहतीत निषिद्ध आहे. दुसरं, उंची. तिसरं, शिजवलेलं अन्न खतात टाकल्याने उंदीर येतात. प्रत्येकाच्या शेवटी एकच वाक्य: "सात दिवसांत, कोणतीही सबब ऐकून न घेता कारवाई व्हावी."

अध्यक्ष थीसेन हा थकलेला, भला माणूस होता. त्याने पत्रं वाचली आणि खणात टाकली.

"ब्रुन्ससाहेब, मुळात हद्दच नक्की नाही," तो म्हणाला. "मधे तार नाही, खुणा नाहीत. झाडं नेमकी कुणाच्या बाजूला हे माहीत नसताना नोटीस कुणाला धाडू?"

झालं! असं बोलणं म्हणजे एकहार्टच्या हातात फावडं देणं होतं.

"हद्दीचा दगड असणार," तो घरी येऊन हायडेला म्हणाला. "त्रेपन्न सालच्या नकाशात आहे. तो शोधून काढतो. तिने आपली जमीन दाबलीय हे मी लिहून देतो. एकदा दगड सापडला की जमीनही परत आणि झाडंही साफ."

हायडे मटार सोलत होती. "जमीन आपली निघाली, तर झाडं आपल्या जमिनीत नाही का येणार?"

"तू यात पडू नकोस. हे मोजमापाचं काम आहे."

हायडेने पुढची शेंग सोलायला घेतली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात कुठे थांबायचं हे ती शिकली होती.

शनिवारी सकाळी मोजणी झाली. दुपारी एक ते तीन वसाहतीत आवाज करायला बंदी, म्हणून आठलाच सुरुवात. थीसेनला साक्षीला बोलावलं होतं. गुडरूनबाई आपल्या खुर्चीत कॉफी घेऊन बसल्या होत्या, जणू तिकीट काढून आल्यात. एकहार्टने वाटेवरच्या नळापासून नकाशाप्रमाणे टेप धरली, दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा उलटीकडून मोजलं आणि मोरपंखीच्या पलीकडे, बाईंच्या बाजूला, जाऊन उभा राहिला.

"इथे," तो म्हणाला.

"तिथे माझं खत आहे," गुडरूनबाई म्हणाल्या.

"होतं," एकहार्ट म्हणाला.

अर्धा तास तो खणत होता. आधी शेवया आल्या, मग मुळं आली आणि मग फावडं टणकन वाजलं. दगड! शेवाळलेला, वर कोरलेली फुली अजून शाबूत. झाडांच्या पलीकडे, बरोबर साठ सेंटिमीटरवर. एकहार्ट चिखलात गुडघे टेकून त्या दगडाकडे असा बघत होता की तेवढ्या प्रेमाने त्याने हायडेकडे लग्नातही बघितलं नसेल.

"साठ सेंटिमीटर," तो उठून म्हणाला. "रुंदी साठ, लांबी बावीस मीटर. इतकी वर्षं तुम्ही माझ्या जमिनीवर होता, लुडेकेबाई."

गुडरूनबाईंनी कप खाली ठेवला. त्या झाडांकडे वळल्या आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा हळू आला. "म्हणजे ही झाडं माझी नाहीत म्हणायची."

"नाहीत."

"आणि खत?"

"तेही नाही."

"बरं," बाई म्हणाल्या आणि खुर्ची उचलून साठ सेंटिमीटर मागे सरकवली. "सांभाळा मग."

थीसेनने वहीत लिहून घेतलं, एकहार्टने सही केली, आणि सही करताना अक्षर जरा मोठंच काढलं. त्या दुपारी त्याने खोपट्याच्या पायरीवर बसून दोन बिअर प्यायल्या. इतकी निर्भेळ दुपार त्याच्या वाट्याला पुन्हा आली नाही.

मंगळवारी तीन पाकिटं आली. तिन्हींवर नाव, एकहार्ट ब्रुन्स, बाग चौदा. आपल्या बागेत निषिद्ध जातीची झाडं आहेत. त्यांची उंची तीन मीटर आहे. आपण खतात शिजवलेलं अन्न टाकता. शेवटी: सात दिवसांत, कोणतीही सबब ऐकून न घेता. आणि खाली बारीक अक्षरांत, एकूण तीन नोटिसा झाल्यामुळे पूर्तता न केल्यास ऑक्टोबरअखेर भाडेकरार रद्द.

एकहार्ट सायकलवरून थीसेनकडे गेला. घंटी वाजवायचंही भान त्याला राहिलं नाही.

"या तक्रारी मी केल्यात!"

"हो. खाली तुमचंच नाव आहे."

"झाडं तिने लावलीत. शेवया तिने टाकल्यात. मी तर शेवया खातसुद्धा नाही."

"ज्याची जमीन त्याची झाडं. पान एकोणीस," थीसेन म्हणाला. "हे पान तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलंय, ब्रुन्ससाहेब. हद्द नक्की झाली, आता पत्रं खणात ठेवायला मला निमित्त उरलं नाही."

"ठीक आहे. उद्या झाडं तोडतो."

थीसेनने कॅलेंडरकडे बोट केलं. "जून चालू आहे. पाखरांची घरटी. मार्च ते सप्टेंबर झाड मुळासकट काढायला सरकारचीच मनाई. गेल्या वर्षी एकतीस नंबरवाल्याने मेमध्ये कुंपण उपटलं, तेव्हा पोलिसांना फोन कुणी केला होता?"

फोन एकहार्टनेच केला होता. सात दिवसांत तोडा असं संस्था म्हणत होती, ऑक्टोबरपर्यंत हात लावू नका असं सरकार म्हणत होतं, आणि दोघांच्या मधे तो उभा होता. तक्रारी मागे घेतो म्हणाला, तर थीसेन म्हणाला, आपल्यावरचीच नोटीस आपणच मागे घ्यायची हे पुस्तिकेत बसत नाही. एरवी एकहार्टने याच वाक्याला टाळी दिली असती.

"एकच वाट आहे," थीसेन शेवटी म्हणाला. "मोजणी चुकली असं दोघांनी मिळून सांगा. पट्टा परत बाईंचा, नोटिसा आपोआप रद्द. मग बाईंविरुद्धच्या तक्रारी तुम्ही मागे घ्या आणि सुटा. पण बाईंची सही लागेल."

एकहार्टने घरी येऊन हे सांगितलं. हायडेने खिडकी उघडली आणि समोरच्या खिडकीकडे बघत उभी राहिली. "आता हेच बघायचं का मरेपर्यंत?" ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. एकहार्टने चाळीस वर्षांत अनेकांना रडताना बघितलं होतं, पण ते सगळे दुकानदार होते.

दुसऱ्या दिवशी तो पंधरा नंबरच्या फाटकाशी उभा राहिला. हातात टोपी होती.

"लुडेकेबाई, ते साठ सेंटिमीटर. तुम्ही परत घ्या."

"छे हो," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याची जमीन मी कशी घेऊ? एकदा दाबली म्हणून बोल लागला ना."

"तसं मला म्हणायचं नव्हतं."

"लिहून दिलंय तुम्ही. मोठ्या अक्षरात. या, बसा. लोण्याचा केक आहे."

तो बसला. केक चांगला होता, हेच वाईट होतं. घास गिळून तो म्हणाला, "बाई, ही बाग गेली तर आम्हा दोघांना दुसरं काही नाही. घर म्हणजे नुसती झोपायची जागा आहे. मी हात जोडतो."

गुडरूनबाईंनी केकची सुरी खाली ठेवली. मग त्या बोलल्या, आणि ते अर्थातच वीस नंबरपर्यंत ऐकू गेलं. "ही झाडं लावली त्या वर्षी माझ्या नवऱ्याला, उवेला, चालता येत नव्हतं. खुर्चीत बसून तो सांगायचा, इथे खण, तिथे खण. वारा लागायचा त्याला, म्हणून आडोसा हवा होता. चार महिन्यांनी गेला. तुम्ही अंत्यविधीला आला होता, ब्रुन्ससाहेब, काळा कोट घालून. आणि तरी तीन पत्रं लिहिलीत. एकदा फाटकाशी येऊन विचारलं असतंत, तर मी निम्मी छाटून घेतली असती."

एकहार्टला विचारायचं सुचलंच नव्हतं. पुस्तिकेत तसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

"सही देते मी," बाई म्हणाल्या. "पण कागदावर भागवायचं नाही. शुक्रवारी सभा आहे. तिथे उभं राहून, सगळ्यांच्या देखत, तोंडाने म्हणायचं: माझी मोजणी चुकली."

"पण ती चुकलेली नाही."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "म्हणून तर."

शुक्रवारी संस्थेची खोली खच्चून भरली. एरवी वीस माणसं जमायची मारामार. त्या दिवशी बासष्टच्या बासष्ट बागा हजर होत्या, आजारीसुद्धा उठून आले होते, कारण गुडरूनबाईंनी ही गोष्ट फक्त एका मैत्रिणीला कुजबुजत सांगितली होती. क्रोगमानबाई पहिल्या रांगेत होत्या, बरा झालेल्या नवऱ्यासकट. हायडे एकहार्टच्या शेजारी बसली होती.

थीसेनने नाव पुकारलं. एकहार्ट उठला. 

"माझी मोजणी चुकली," तो म्हणाला.

"मागे ऐकू आलं नाही," गुडरूनबाई मागून म्हणाल्या.

"माझी मोजणी चुकली!"

थीसेनने शिक्का मारला. पट्टा परत गेला, नोटिसा रद्द झाल्या, तक्रारी मागे घेतल्या गेल्या, बाग वाचली. एकहार्टने खाली बसून रुमालाने मान पुसली. संपलं होतं. हायडेने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि खरंच, त्याला वाटलं, एवढ्यावर सुटलो.

तेवढ्यात क्रोगमानबाई उठल्या.

"एक शंका आहे," त्या म्हणाल्या. "यांची मोजणी चुकते, हे आता यांनीच सांगितलं. मग गेली नऊ वर्षं आमची कुंपणं मोजून ज्या चिठ्ठ्या दिल्या, त्यांचं काय?"

एकहार्टने तोंड उघडलं. ती सगळी मापं बिनचूक होती, मिलिमीटरला मिलिमीटर, तो शपथ घ्यायला तयार होता. पण ते सांगायचं तर आत्ता म्हटलेलं वाक्य गिळावं लागणार होतं, आणि त्या वाक्याबरोबर बाग. त्याने तोंड मिटलं.

"ठराव असा," थीसेनने चष्मा पुसला, कारण हसू लपवायला त्याला दुसरं काही हाताशी नव्हतं. "जुन्या सगळ्या चिठ्ठ्या रद्द. तपासनीसपदावरून ब्रुन्ससाहेब मुक्त. एका बागेचं एक मत. बाजूने कोण?"

हात वर जाऊ लागले. एकहार्टने सवयीने ते मोजले, डावीकडून उजवीकडे, मग खात्रीसाठी उजवीकडून डावीकडे. दोन्ही वेळा बासष्ट भरले. त्याने आपले हात बघितले, दोन्ही मांडीवर होते. मग त्याने शेजारी बघितलं.

हायडेने हात खाली घेतला नाही.

ही मोजणी मात्र बिनचूक होती.